दुखऱ्या टाचेनं हाफ मॅरेथॉन: निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो

धावणाऱ्यांच्या वाट्याला येणारं एक दुखणं असं असतं, की ते घरी स्वस्थ बसू देत नाही आणि सुखानं धावूही देत नाही. हाड मोडलेलं नसतं, सूज दिसत नाही, कुणाला सांगायला जावं तर ‘मग चार दिवस धावू नकोस’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाच ओढते. दोन किलोमीटर धावलं की मोकळी होते. संध्याकाळी परत ठसठसते. आणि हाफ मॅरेथॉनला दहा-बारा आठवडे उरलेले असतात.

माझ्या उजव्या टाचेवरच्या अकिलीस टेंडननं, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या जाड पट्ट्यानं, मला यातून दोनदा नेलं. पहिल्या वेळी मी दुखणं अंगावर काढलं, शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली, २१ किलोमीटर पूर्ण केले आणि दुसऱ्या दिवशी कठडा धरून एकेक पायरी उतरलो. पुढचे चार महिने धावणं बंद. दुसऱ्या वेळी तीच टाच घेऊन शर्यत संपवली आणि दहा दिवसांत हलकं धावायला लागलो. सुरुवातीला दुखणं दोन्ही वेळा जवळपास सारखंच होतं. दुसऱ्या वेळी मी धावताना किती दुखतंय याला कमी महत्त्व दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखतंय त्यावर सगळे निर्णय घेतले. पुढचं सगळं त्या एका सवयीभोवती बांधलेलं आहे.

आधी ठरवा: हे धावण्याजोगं दुखणं आहे का

काही दुखणी अशी असतात की त्यांच्यासोबत एक किलोमीटरही धावायचं नाही. त्यातलं पहिलं म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. नडगीवर किंवा पावलावर एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं, धावत जाल तसं वाढत जातं, रात्री झोपल्यावरही जाणवतं आणि एका पायावर उडी मारली की नेमकी तिथंच कळ येते. अशी लक्षणं असतील तर धावणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही चीर बरेचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, एमआरआयबद्दल विचारा. जांघेत खोलवर दुखत असेल आणि पायावर भार देताच वाढत असेल तर जास्तच सावध राहा. मांडीच्या हाडाच्या मानेपाशी चीर असू शकते. ती पूर्ण तुटली तर ऑपरेशनवर जातं.

बाकीच्या धोक्याच्या खुणा थोडक्यात: गुडघा अडकणं किंवा अचानक निसटणं, सांध्यावर सूज, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, पोटरी एकाच बाजूची सुजून गरम आणि दुखरी होणं, आणि ‘टक्’ असा आवाज होऊन अचानक बळ गेल्यासारखं वाटणं. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा.

या खुणा नसतील, दुखणं हळूहळू सुरू झालेलं असेल, आठवडे-महिने रेंगाळत असेल आणि कमी-जास्त होत असेल, तर बहुतेक वेळा ते भाराचं दुखणं असतं. म्हणजे त्या जागेला जेवढं झेपतं त्यापेक्षा जास्त काम तुम्ही तिच्याकडून करून घेताय. हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. त्यात साधारण २० ते २५ हजार पावलं पडतात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या वाट्याला दहा हजारांहून जास्त. धावताना प्रत्येक पावलाला अकिलीस टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. ही गणितं घाबरवण्यासाठी सांगत नाही. या दुखण्यात नुसत्या विश्रांतीनं भागत नाही, ते यावरून समजतं. विश्रांतीनं दुखायचं थांबतं, पण तेवढा भार झेलायची ताकद वाढत नाही, उलट कमी होते. म्हणून तीन आठवडे आराम करून परत धावायला गेलं की तिसऱ्या दिवशी तेच दुखणं दारात उभं असतं.

दुखण्याची चाल ओळखा

प्रत्येक जागेच्या दुखण्याची एक चाल असते आणि ती कळली की काय कमी करायचं ते कळतं. शक्य असेल तर धावणाऱ्यांना तपासायची सवय असलेल्या फिजिओला एकदा दाखवाच. जाण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

अकिलीस टेंडन सुरुवातीला दुखतो, गरम झाला की गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मागतो. त्याला वेगाचा आणि चढाचा राग. इथं एक भेद महत्त्वाचा आहे: टाचेच्या हाडापासून दोन-चार बोटं वर दुखतंय, की टेंडन हाडाला चिकटतो तिथंच दुखतंय? हाडापाशी दुखत असेल तर पायरीवरून टाच खाली सोडायचे व्यायाम आणि पोटरीचं ताणणं, दोन्हींनी ते चिघळतं.

तळपायाचं दुखणं, प्लांटर फॅशिआयटिस, सकाळच्या पहिल्या पावलांना टाचेखाली खिळा टोचल्यासारखं होतं. गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं जिने उतरताना आणि बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर जाणवतं. आयटी बँडचं, म्हणजे कंबरेपासून मांडीच्या बाहेरच्या बाजूनं गुडघ्याखाली जाणाऱ्या पट्ट्याचं दुखणं गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असतं आणि त्याची वेळ ठरलेली असते: पाच किलोमीटर काहीच नाही, सहाव्याला सुरू, सातव्याला थांबावंच लागतं. उतारावर आणि अगदी संथ धावण्यात ते जास्त त्रास देतं. थोड्या चपळ पावलांनी धावलं तर कित्येकांना बरं वाटतं. नडगीचं नेहमीचं दुखणं हाडाच्या आतल्या कडेनं चांगलं चार-पाच बोटं पसरलेलं असतं. ते एका बिंदूवर गोळा व्हायला लागलं तर वरचा स्ट्रेस फ्रॅक्चरचा भाग परत वाचा.

सकाळची चाचणी आणि वही

हा सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे, म्हणून इथं सावकाश जातो.

स्वीडनमध्ये कारिन ग्रावारे सिल्बरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अकिलीसच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना सारखेच व्यायाम दिले होते. एका गटाला पहिले सहा आठवडे धावणं-उड्या बंद ठेवायला सांगितलं, दुसऱ्या गटाला वेदनेच्या मर्यादेत ते चालू ठेवू दिलं. धावत राहिलेल्या गटाचं काहीही बिघडलं नाही, दोन्ही गट सारखेच सुधारले. ती मर्यादा अशी होती: शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशा मोजपट्टीवर वेदना पाचपर्यंत चालेल. मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ती ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक दुखणं व आखडलेपणा वाढता कामा नये.

धावताना पाचपर्यंत चालेल, हे ऐकून धीर येतो. पण धावतानाची वेदना हा फसवा साक्षीदार आहे. शरीर तापलेलं असतं, सोबत मित्र असतात, लक्ष घड्याळावर असतं. जोराच्या व्यायामानंतर टेंडनमध्ये पहिले २४ ते ३६ तास घडणीपेक्षा मोडतोड जास्त चालते, घडण त्यानंतर वरचढ होते. म्हणून खरा निकाल दुसऱ्या सकाळी लागतो, कधीकधी तिसऱ्या.

त्यासाठी एक ठरावीक चाचणी निवडा आणि रोज उठल्यावर, चहापाणी, मोबाइल सगळ्याच्या आधी, ती करा. टाचेसाठी: भिंतीला बोटं टेकवून दुखऱ्या एका पायावर दहा वेळा टाच उचलणं. गुडघ्यासाठी: एका पायरीवरून दुखऱ्या पायावर भार ठेवून दुसरा पाय सावकाश खाली टेकवणं, पाच वेळा. तळपायासाठी: अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं. जो आकडा वाटेल तो वहीत लिहा. शेजारी आदल्या दिवशी काय केलं ते लिहा: किती मिनिटं, कोणत्या वेगानं, चढ होता का, कोणते शूज.

पहिला आठवडा फक्त लिहायचं. बहुतेकांचा आकडा दोन-तीनच्या आसपास स्थिर दिसतो, तो तुमचा पाया, म्हणजे नेहमीचा आकडा. पुढे ‘पायावर आला’ म्हणजे या आकड्यावर परत आला. त्यानंतर माझा हिशेब असा होता. पायापेक्षा एकानं जास्त असेल तर ठरलेलं चालू ठेवायचं. दोननं जास्त असेल तर पुढचं धावणं एक तृतीयांशानं छोटं करायचं आणि वेग काढून टाकायचा. तीन किंवा त्याहून जास्तनं चढला, किंवा दोन सकाळी उलटूनही पायावर आला नाही, तर पुढचं धावणं रद्द, त्याजागी सायकल. या आकड्यांना कुणा प्रयोगशाळेचा शिक्का नाही, पण नियम आधी ठरलेला असला की सकाळी सहा वाजता शूजचे बंद बांधताना स्वतःशी वाद घालावा लागत नाही. तो वाद आपण नेहमी हरतो.

तीन आठवड्यांत वही बोलायला लागते. मला वाटायचं की लांब पल्ल्यानं टाच बिघडते. वहीनं दाखवलं की १४ किलोमीटर सावकाश धावल्यावर सकाळचा आकडा दोनच असतो, पण सहा किलोमीटरच्या वेगवान सरावानंतर पाचावर जातो. दोन वर्षं मी चुकीची गोष्ट कमी करत होतो.

काय कापायचं, काय ठेवायचं

अकिलीस किंवा पोटरी असेल तर आधी वेग आणि चढ कापा, अंतर बरंचसं ठेवता येतं. गुडघ्याची वाटी किंवा आयटी बँड असेल तर उतार आणि सलग अंतर कापा. तिथं थोडी चपळ धाव चालून जाते. नडगीसाठी आठवड्याची एकूण बेरीजच कमी करावी लागते.

आठवड्यात तीनदा धावा, चौथ्यांदा नाही, आणि दोन धावण्यांमध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा. त्या दिवशी टेंडन स्वतःची डागडुजी करतो. माझा आठवडा असा होता: मंगळवारी ४० मिनिटं बोलता येईल इतक्या सावकाश, गुरुवारी ५० मिनिटं, त्यातली मधली १५ शर्यतीच्या वेगानं, आणि रविवारी लांब पल्ला. सोमवार, बुधवार, शुक्रवारी ताकदीचे व्यायाम, बुधवारी त्यासोबत सायकल. शनिवारी काहीही नाही, आणि तो मी खरोखर पाळला.

लांब पल्ला आठवड्याला एक-दीड किलोमीटरनं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मागे घ्या. हाफ मॅरेथॉन संपवण्यासाठी सरावात २१ किलोमीटर करायची गरज नाही. दुखणं सांभाळणाऱ्यानं एकदा १६ किलोमीटर केले तरी पुरे. १३-१४ वरच थांबावं लागलं तर शर्यतीत पळणं-चालणं करायचं हे पक्कं समजा.

एक बदल लगेच करून पाहण्यासारखा आहे, विशेषतः गुडघ्यासाठी. मिनिटाला पडणारी पावलं मोजा आणि त्याच वेगात पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. १६० पडत असतील तर १७०. पावलं छोटी होतात, पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार लक्षणीय कमी होतो. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं. एकदम पूर्ण धावभर करू नका, पाच-पाच मिनिटांचे तुकडे पुरेत.

ताकद: इथं कंजूषपणा करू नका

स्वीडनमध्येच हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं अकिलीसचं दुखणं जुनं, चिवट. त्यांना व्यायाम दिला तो असा: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची, दुसऱ्या पायानं वर यायचं. १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. मग तेवढंच गुडघा किंचित वाकवून. हे सगळं दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसाचे १८० झाले. दुखलं तरी करत राहायचं, सोपं वाटलं तर पाठीवर वजन घ्यायचं. १२ आठवड्यांनी ते सगळे परत धावत होते. तोवर अशा टेंडनला भार देणं म्हणजे आगीत तेल ओतणं अशी समजूत होती.

मी १८० पर्यंत कधी गेलो नाही आणि तुम्हीही जायलाच हवं असं नाही. त्यानंतरच्या काळात दिसलं की आठवड्यातून तीनदा, जड वजनानं, सावकाश केलेल्या व्यायामाचाही तेवढाच उपयोग होतो, आणि नोकरी-घर सांभाळणाऱ्याला ते जमतं. मी केलेला क्रम देतो.

पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर टाच उचलणं, १५ च्या तीन फेऱ्या. तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. घाईनं केलेले ३० मोजू नका. तिसऱ्या आठवड्यापासून एका पायावर, जमतील तेवढे, तीन फेऱ्या. पाचव्यापासून पाठीवर पिशवी: आधी पाच किलो, मग आठ, मग बारा, आणि प्रत्येक फेरीत ८ ते १०. सोबत खुर्चीवर बसून मांडीवर वजन ठेवून टाच उचलणं. गुडघा वाकलेला असताना पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू जास्त काम करतो आणि लांब अंतर धावण्यात त्याचाच कस लागतो. बहुतेक जण हा बसून करायचा प्रकार गाळतात.

दुखणं टेंडनच्या तळाशी, हाडापाशी असेल तर हेच सगळं सपाट जमिनीवर करा. टाच पायरीखाली सोडू नका.

तळपायासाठी बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून एका पायावर टाच उचलणं, एक दिवसाआड. गुडघ्यासाठी एका पायावर खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढ-उतार, आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. गुडघ्याच्या बऱ्याच तक्रारींमध्ये कंबरेच्या बाजूचे स्नायू ढिले पडलेले असतात.

प्रगती मोजायची सोपी पद्धत आहे. एका पायावर, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर नेऊन सलग किती वेळा उचलता येते ते दोन्ही पायांचं मोजा. सुरुवातीला माझ्या डाव्या पायाचे २४ आणि उजव्याचे ११ झाले होते. दुखऱ्या पायाची ताकद अर्ध्याहून कमी आणि तो तेवढीच पावलं टाकतोय, हे पाहिल्यावर टाच का दुखते हा प्रश्न मी परत विचारला नाही. दहा आठवड्यांनी उजव्याचे २१ झाले.

हा व्यायाम धावण्याच्या दिवशी करायचा असेल तर धावल्यानंतर करा, आधी नाही. आणि शर्यतीच्या आधीचे सहा-सात दिवस जड वजन बंद.

दम टिकवणं

कमी धावलो तर दम जाईल ही भीती प्रत्येकाला असते. दहा दिवस पूर्ण थांबूनही फारसं काही जात नाही. त्याहून जास्त दिवस कमी धावावं लागणार असेल तर सायकल, एलिप्टिकल किंवा खोल पाण्यात पट्टा बांधून धावण्याची नक्कल, यावर वेगवान सराव हलवा. पाच वेळा चार मिनिटं जोरात, मध्ये दोन मिनिटं हलकं, असं सायकलवर केलं तरी हृदयाला तेवढंच काम पडतं आणि टाचेला जवळजवळ काहीच नाही. ब्रिटनच्या मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकआधी मांडीच्या हाडाची चीर भरत असताना बराच सराव असाच न धावता केला होता. त्या मॅरेथॉनमध्ये त्या २३ व्या आल्या. जगातल्या सर्वोत्तम धावपटूलाही दम टिकवता आला, पण धावण्याचा सराव नसलेल्या पायांकडून हवं ते मिळालं नाही. म्हणून आठवड्यातल्या तीन धावा, कितीही छोट्या असल्या तरी, पूर्ण सोडू नका.

शूज, टेप, मसाज

यावर लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. अकिलीस दुखत असेल तर टाच आणि चवडा यांच्या उंचीत जास्त फरक असलेले शूज, ८ ते १२ मिलिमीटर, टेंडनवरचा ताण थोडा कमी करतात. टाचेखाली छोटी गादी घातली तरी चालते, पण दोन्ही पायांत घाला. सपाट शूजनं उलट होतं: गुडघ्याचा भार कमी, घोट्याचा जास्त. शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत नवीन प्रकारचे शूज नकोत. टेपनं बरं वाटत असेल तर लावा. मसाज, फोम रोलरनंही तात्पुरतं बरं वाटतं, जखडलेपण सुटतं. यातलं काहीही ताकदीच्या व्यायामाची जागा घेत नाही.

इंजेक्शनचा विषय निघाला तर मात्र थांबा. अकिलीसच्या आसपास स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर टेंडन तुटायचा धोका वाढतो. आणखी एक गोष्ट फार थोड्या धावपटूंना माहीत असते: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं टेंडनला इजा करू शकतात. दुसऱ्या कशासाठीही डॉक्टरांकडे गेलात तर टेंडनचं दुखणं आहे आणि मी धावतो, हे आपणहून सांगा.

चौदा दिवस आधीची परीक्षा

शर्यतीत उतरायचं की नाही हे आदल्या रात्री ठरवू नका. तेव्हा बिब, म्हणजे शर्यतीच्या क्रमांकाचा कागद, टी-शर्टला लावलेला असतो आणि डोकं चालत नाही. १४ दिवस आधीचा रविवार ठरवा. त्या दिवशी शर्यतीचेच शूज, तीच वेळ, तोच वेग, पळणं-चालणं करणार असाल तर तेही तसंच, आणि १४ ते १६ किलोमीटर. मग सोमवार आणि मंगळवार सकाळचा आकडा पाहा. मंगळवारी आकडा पायावर आला असेल आणि धावताना लंगडायला झालं नसेल तर उतरा. आला नसेल तर यंदा नाही. कमी अंतराच्या गटात नाव बदलता येतं का, प्रवेश पुढे ढकलता येतो का, ते विचारा. हा निर्णय घेताना वाईट वाटतं, मला रडू आलं होतं. पण टाच तीच राहणार आहे आणि शर्यती परत येतात.

उतरायचं ठरलं की शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण धावणं निम्म्यावर आणा. या काळात शरीर शांत झाल्यानं नको तिथं बारीकसारीक दुखायला लागतं, दुसरा पायही कुरकुरतो. चाचणीचा आकडा चढला नसेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

शर्यतीचा दिवस

नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी उठा, टेंडनला जागं व्हायला वेळ लागतो. सकाळची चाचणी करा. आकडा पायापेक्षा तीननं जास्त असेल तर घरी राहा. ठीक असेल तर दहा मिनिटं चालणं, मग दोन्ही पायांवर टाच उचलून ४५ सेकंद धरून ठेवणं, चार-पाच वेळा. काहींना यानं वेदना तासभर कमी झाल्याचं जाणवतं, मला जाणवलं. मग पाच मिनिटं अगदी हलकं धावणं. दुखरी जागा जोरात ताणू नका.

गोळीबद्दल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शर्यतीआधी किंवा शर्यतीत घेऊ नका. घाम गाळत दोन-अडीच तास धावताना मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, या गोळ्या तो आणखी कमी करतात. शिवाय ज्या इशाऱ्यावर तुम्ही आज सगळे निर्णय घेणार आहात, तोच इशारा त्या बंद करतात. पॅरासिटामॉलही तेच करतं. पहिल्या शर्यतीत माझी टाच अठराव्या किलोमीटरपर्यंत गप्प होती, कारण तिचा आवाज मीच बंद केला होता.

पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंद सावकाश जा. रस्ता कडेला उतरता असेल तर मधून धावा, उतरत्या कडेनं एका पायावर सतत वाकडा भार पडतो.

दुखणं सांभाळणाऱ्याला मी पळणं-चालणंच सुचवीन, आणि तेही पहिल्या किलोमीटरपासून. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली. चार मिनिटं धाव, एक मिनिट झपाझप चाल. गणित करून पाहा: किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगानं सलग धावलं तर सुमारे २ तास २८ मिनिटं लागतात. चार मिनिटं त्याच वेगानं धावून एक मिनिट ताशी सहा किलोमीटरनं चाललं तर २ तास ३७ मिनिटं. नऊ-दहा मिनिटांच्या बदल्यात टेंडनला तीस-एकतीस वेळा उसंत मिळते. दुखायला लागल्यावर चालणं हा वेगळा प्रकार, त्याचा एवढा उपयोग होत नाही. वेळेची मर्यादा किती आहे ते मात्र आधी तपासा.

प्रत्येक पाच किलोमीटरला स्वतःला तीन प्रश्न: आकडा किती? पाऊल दोन्ही बाजूंना सारखं पडतंय का? दुखणं ठरलेल्या जागीच आहे, की दुसरीकडे सरकलंय? आकडा पाचच्या वर गेला तर दोन मिनिटं चाला. एक किलोमीटर सावकाश धावूनही तो उतरला नाही तर पुढचं चालत, किंवा बाहेर. लंगडायला लागलात तर आकडा कितीही असो, धावणं संपलं. लंगडत काढलेल्या पाच किलोमीटरमध्ये गुडघा, कंबर आणि दुसरा पाय यांना नवीन दुखणी लागतात. अचानक तीव्र कळ, ‘टक्’ असा आवाज, किंवा हाडात एका जागी टोचणं, यांपैकी काही झालं तर जागेवर थांबा आणि वैद्यकीय मदत मागा.

थांबण्याची तयारीही आधी करायची असते. मदतकेंद्रं कोणत्या किलोमीटरला आहेत ते पाठ करा, फोन जवळ ठेवा, आणि पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला एखाद्या मित्राला उभं करा. तो सांगेल तुम्ही लंगडताय का. तेव्हा आपलं आपल्याला कळत नाही. ‘लंगडतोयस’ म्हणाला तर मी थांबेन, असं त्याला आदल्या दिवशी शब्द देऊन सांगा.

पाणी तहानेप्रमाणे, भीतीपोटी लिटरभर नको. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, सरावात पोटाला मानवलेल्या स्वरूपात. थकलेली पोटरी टेंडनला सांभाळू शकत नाही, म्हणून खाण्याचा संबंध टाचेशीही आहे.

नंतरचे दोन आठवडे

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. त्या रात्री टाच ठणकली तर बर्फ चालेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या सकाळी आकडा चढलेला असेल, तो लिहा. माझा दुसऱ्या वेळी सहा, मग पाच, मग तीन असा उतरला होता. पाच-सहा दिवसांत पायावर आला नाही किंवा चालतानाही दुखत राहिलं तर फिजिओकडे जा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चालणं आणि हलकी सायकल. आकडा पायावर आल्यावर टाच उचलायचे व्यायाम दोन्ही पायांवर परत सुरू करा, आठवड्यानं एका पायावर. पहिली धाव साधारण दहाव्या दिवशी, २० मिनिटं, सपाट रस्त्यावर, दोन मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल. घरी येऊन वहीत तारीख, मिनिटं आणि शूज लिहा. शेजारचा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळसाठी मोकळा ठेवा.